सोल्डर गन कोणती घ्यावी आणि टिप कशी टिकवावी

सोल्डर धरत नाही असं दिसलं की बहुतेक जण आधी तापमान वाढवतात. 350 वर जमलं नाही तर 400, तिथंही नाही तर 450. जोड तरीही मनासारखा होत नाही, टिप काळी पडते आणि बोर्डवरचा तांब्याचा पॅड सुटून वर येतो. खरं तर तापमान कमी नसतंच. 60/40 सोल्डर, म्हणजे 60 टक्के कथील आणि 40 टक्के शिसं, 183 अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागतं आणि 190 पर्यंत पूर्ण पातळ होतं. 320 अंशांची टिप त्याच्या कितीतरी पुढे असते. अडतं ते गरमी टिपेतून जोडात उतरताना. टिपेचा किती भाग जोडाला टेकतो, तो भाग कथिलाने चकचकीत आहे का, आणि टेकवल्यावर टिप थंड पडू लागली की मागून किती वॅट मिळतात, या तीन गोष्टींवर सगळं ठरतं. गन घेताना आणि सांभाळताना हेच तीन प्रश्न विचारायचे.

25 वॅटची साधी गन

सोल्ड्रॉन किंवा नोएलची 25 वॅटची गन बऱ्याच जणांच्या हातात सगळ्यात आधी येते. वायर जोडणं, फवारणी पंपाचा चार्जिंग जॅक बदलणं, एकेरी थराच्या बोर्डवरचा कपॅसिटर काढणं-बसवणं ही कामं ती वर्षानुवर्षं करते. पण तिच्यात तापमान धरून ठेवणारं काही नसतं. मिळेल ती वीज ती घेते, आणि तिचे वॅट व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतात. गावाकडे शेतीपंप सुरू झाले की लाईनला 230 ऐवजी 180 व्होल्ट मिळणं काही नवं नाही. 180 व्होल्टला 25 वॅटची गन जेमतेम 15 वॅटची उरते. रात्री भार उतरून 250 व्होल्ट आले की तीच गन 29 वॅटच्या पुढे जाते. दिवसा तिच्याने ड्राय सोल्डर (पायाला नीट न धरलेला जोड) होतं आणि रात्री पॅड जळतो, हात तोच असला तरी. म्हणून साधी गन वापरायचीच असेल तर सोल्डर मारण्याआधी स्विचबोर्डाचं व्होल्टेज मीटरने बघून घ्यावं. 190 च्या खाली असेल तर जाड पायांच्या, म्हणजे जाड पिनांच्या भागांची कामं पुढे ढकलावीत.

या गनचा बिट, म्हणजे टिप, दोन प्रकारचा मिळतो. नुसत्या तांब्याचा बिट कथिलात हळूहळू विरघळतो, त्याला खड्डे पडतात. तो थंड असताना कानशीने घासून आकार द्यायचा, लगेच तापवून सोल्डर लावायचं, की पुन्हा कामाला तयार. दुसऱ्या बिटावर लोखंडाचा पातळ थर असतो. त्याला कानस किंवा पॉलिश पेपर कधीच लावायचा नाही. एकदा घासलं की थर फाटतो, आतलं तांबं कथिलात विरघळायला लागतं आणि बिटाला भोक पडतं.

स्टेशन घेताना

रोज बोर्डाचं काम असेल तर तापमान नियंत्रित स्टेशनच घ्यावं. बाजारात मुख्यतः दोन घराणी दिसतात. पहिलं हॅक्को 936 च्या धर्तीचं: डब्यात ट्रान्सफॉर्मर, हँडलमध्ये सिरॅमिक हीटर, आणि त्यावर पोकळ टिप टोपीसारखी बसवलेली. या टिपांना 900एम म्हणतात, त्या स्वस्त असतात आणि सगळीकडे मिळतात. उणीव एवढीच की हीटर आणि टिप यांच्यामध्ये हवेची फट राहते. जाड पायाला टेकवल्यावर टिपेचं टोक थंड पडतं, पण आतल्या सेन्सरला ते उशिरा कळतं. डिस्प्लेवर 350 दिसत असतात आणि टोक मात्र त्याच्या बरंच खाली गेलेलं असतं.

दुसरं टी12 चं घराणं. यात हीटर, सेन्सर आणि टिप एकाच कांडीत असतात. सेन्सर टोकाच्या अगदी जवळ असल्याने थंडावा लगेच कळतो आणि स्टेशन लगेच ताकद लावतं. टी12 कांडीचा रोध साधारण 8 ओहम असतो. 24 व्होल्टला ती 72 वॅट घेते, लॅपटॉपच्या 19 व्होल्टच्या अडॅप्टरवर 45 वॅट, आणि 12 व्होल्टच्या बॅटरीवर फक्त 18. वारंवार लाईट जाणाऱ्या भागात हा हिशेब फार उपयोगाचा आहे. डीसीवर चालणारं टी12 हँडल आणि जुना, पण चांगल्या स्थितीतला 19 व्होल्टचा अडॅप्टर एवढ्यावर 320 अंशांचं काम घरच्या इन्व्हर्टरवरही व्यवस्थित होतं, कारण असे अडॅप्टर 100 ते 240 व्होल्टपर्यंत काहीही आलं तरी बाहेर 19 व्होल्टच देतात. थेट 12 व्होल्टच्या बॅटरीवर मात्र बारीक वायरीपलीकडे अपेक्षा ठेवू नये. ट्रान्सफॉर्मरवालं स्टेशन स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर गुणगुणतं आणि जास्त तापतं. साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर हा त्रास नाही.

आमच्या मते पैसे मोजके असतील तर महागडा डिस्प्ले सोडावा आणि त्या पैशात दोन-तीन चांगल्या टिपा घ्याव्यात. स्टेशनसोबत येणारी सुईसारखी टोकदार टिप बाजूला ठेवावी. तिचं टोक पॅडला एका बिंदूत टेकतं आणि गरमी उतरायला जागाच मिळत नाही. मग हात आपोआप तापमानाच्या बटणाकडे जातो. पायवाल्या सुट्या भागांसाठी 2.4 मिलिमीटरची चपटी छिन्नीच्या आकाराची टिप घ्यावी, 900एममध्ये तिला 2.4डी आणि टी12 मध्ये डी24 म्हणतात. आयसीच्या रांगेतल्या पायांसाठी आणि जाड टर्मिनलसाठी के म्हणजे चाकूसारखी टिप. या दोनांवर रिपेअरिंगचं बहुतांश काम उरकतं. मोबाइलच्या बारीक भागांसाठी तिसरी, वाकडी बारीक टिप लागली तर पुढे घेता येते.

टिप का काळी पडते

टिपेच्या गाभ्यात तांबं असतं, त्यावर लोखंडाचा थर, मागच्या भागावर क्रोम आणि अगदी टोकाला कथिलाचा मुलामा. गरम लोखंड उघड्या हवेत राहिलं की गंजतं, आणि त्या काळ्या थराला सोल्डर चिकटत नाही. टोक काळं पडलंय का हे ओळखायला सोल्डर वायर टेकवून बघावी. चांगल्या टिपेवर सोल्डर पसरून पाण्यासारखा पातळ थर होतो. काळ्या टिपेवर त्याचा गोळा होतो आणि तो घरंगळून पडतो. त्या टिपेतून गरमी उतरत नाही, मग स्टेशन कितीही महागाचं असो.

यावरचा उपाय लोखंडी तव्याला तेल लावून ठेवण्यासारखा आहे: टोक कथिलाखाली झाकलेलं राहिलं पाहिजे. बरेच जण काम झालं की टिप स्वच्छ पुसून स्टँडला लावतात, आणि इथंच ती मरते. टिप पुसायची ती पुढचा जोड मारण्याच्या ऐन आधी. स्टँडमध्ये ठेवताना तिच्यावर ताजं सोल्डर घालूनच ठेवायची. गन बंद करतानाही तसंच, टोकावर सोल्डरचा थेंब राहू द्यायचा. चहाला उठताना स्टेशन 200 अंशांवर आणावं किंवा सरळ बंद करावं, कारण 400 च्या पुढे टिप झपाट्याने गंजते. शिशाच्या सोल्डरला 320 ते 350 आणि बिनशिशाच्याला 350 ते 380 अंश बहुतेक कामांना पुरतात.

पुसायला ओला स्पंज की पितळी जाळी? आम्ही पितळी जाळी सुचवतो, कारण ती टिप एकदम थंड करत नाही. स्पंज वापरायचाच असेल तर पाण्याकडे लक्ष द्यावं. मराठवाड्यातलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. तापलेल्या टिपेवर पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. किटलीत जसा पांढरा थर बसतो तसाच तो टिपेवर बसतो आणि तिथं सोल्डर धरत नाही. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर कुठेही मिळतं, स्पंजला तेच वापरावं. स्पंज ओला करून पिळून घ्यावा, त्यातून पाणी ठिबकता कामा नये. भांडी घासायचा फोमचा स्पंज चालत नाही, तो वितळून टिपेला चिकटतो.

टिप काळी पडलीच असेल तर तापमान वाढवण्याऐवजी 250-280 वर आणावं. पितळी जाळीत घुसवून फिरवावी, लगेच राळ असलेली सोल्डर वायर भरपूर लावावी, पुन्हा जाळीत, पुन्हा सोल्डर. आठ-दहा फेऱ्यांत टोक बहुधा उजळतं. नाहीच उजळलं तर टिप टिनर नावाची डबी मिळते, त्यात टोक दोन सेकंद बुडवून सोल्डर लावावं. टिनर रोज वापरायची गोष्ट नाही, त्यातलं रसायन लोखंडाचा थर खातं. टोकाला खड्डा दिसू लागला असेल तर ती टिप बदलायचीच.

सोल्डर वायर आणि पेस्ट

साधनाइतकाच घोळ सामानात असतो. दुकानात वायर गेजमध्ये मागितली जाते: 18 गेज म्हणजे सुमारे 1.2 मिलिमीटर, 20 गेज 0.9 आणि 22 गेज 0.7. बोर्डासाठी 22 गेज घ्यावी, 18 गेज जाड वायरींसाठी ठेवावी. स्वस्तातल्या रिळात कथील कमी आणि शिसं जास्त असतं. 40/60 चं मिश्रण पूर्ण पातळ व्हायला जवळजवळ 238 अंश लागतात. ओळखायचं कसं? स्टेशन 220 वर ठेवून वायर टिपेला लावावी. खरी 60/40 लगेच वाहते, थंड होताना झटकन घट्ट होते आणि चकाकते. कमी कथिलाची वायर लापशीसारखी राहते आणि करडी, खरबरीत दिसते. शक्य असेल तर 63/37 घ्यावी. ती 183 अंशांना एकदमच वितळते आणि एकदमच गोठते, त्यामुळे गोठताना भाग हलला म्हणून जोड बिघडण्याची शक्यता कमी होते.

युरोपात 1 जुलै 2006 पासून नव्या इलेक्ट्रॉनिक मालात शिशाच्या सोल्डरवर निर्बंध आले आणि तेव्हापासून बहुतेक कंपन्यांचे बोर्ड बिनशिशाच्या सोल्डरचे येतात. त्यातलं नेहमीचं मिश्रण 217 ते 220 अंशांना वितळतं. असा जोड सोडवताना आधी त्यावर थोडं शिशाचं सोल्डर मिसळावं. मिश्रणाचा वितळबिंदू खाली येतो आणि पॅडवरचा ताण कमी होतो.

छोट्या गोल डबीत मिळणारी ‘सोल्डर पेस्ट’ म्हणजे बहुधा फक्त फ्लक्स असतो, सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचा राळ आणि चरबीसारखा पदार्थ. त्यात कथील नसतं. खरी सोल्डर पेस्ट राखाडी असते आणि तिच्यात कथिलाची पूड असते. ती हॉट एअरसाठी, म्हणजे गरम हवेने सोल्डर वितळवणाऱ्या यंत्रासाठी. तांब्याचे नळ जोडायचा आम्लाचा फ्लक्स मात्र बोर्डाला कधीच लावू नये. तो आत राहून तांब्याचे धागे खातो आणि टिपही खराब करतो. काम झाल्यावर फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने जुन्या टूथब्रशने पुसावा. पेट्रोल किंवा थिनरने पुसणारे पुष्कळ आहेत, पण थिनरने प्लॅस्टिकचे कनेक्टर आणि रंग विरघळतात, आणि गरम गनजवळ दोन्ही पेटण्याचा धोका असतो.

एक जोड जवळून

शेतीपंपाच्या ऑटो स्विचचा बोर्ड घ्या. रिले कधी ओढतो, कधी नाही, आणि डब्यावर थाप मारली की चालू होतो. सप्लाय पूर्ण काढावा. मोठा कपॅसिटर असेल तर 230 व्होल्टच्या लाईनचं त्यावर 325 व्होल्ट डीसी साठलेलं असू शकतं, ते 10 किलोओहम 5 वॅटच्या रेझिस्टरने उतरवून मीटरने शून्य झाल्याची खात्री करावी. आता भिंगातून रिलेच्या पायांकडे बघा. पायाभोवती केसाएवढी बारीक काळी रेघ गोल फिरलेली दिसेल. कॉन्टॅक्टरचे धक्के आणि रोजचं तापणं-निवणं यामुळे सोल्डर पायापासून सुटलेलं असतं. यालाच ड्राय सोल्डर म्हणतात.

नुसतं गरम करून ते परत वितळवलं तर महिन्याभरात पुन्हा तडा जातो, कारण जुन्या सोल्डरवर गंज आणि लॅकर (वार्निशसारखा थर) असतं. लॅकर ब्लेडने खरवडावं. फ्लक्स लावून जुनं सोल्डर, ते ओढायच्या हातपंपाने किंवा विकने (तांब्याच्या विणलेल्या पट्टीने) ओढून घ्यावं. पाय हिरवट दिसला तर चकाकेपर्यंत घासावा. गोठ्यात किंवा फवारणीच्या औषधांजवळ ठेवलेल्या बोर्डांत हे नेहमी आढळतं. मग ताजा फ्लक्स, 2.4 ची टिप 340 वर, आणि टिपेचा चपटा भाग पाय आणि पॅड या दोघांना एकाच वेळी टेकवायचा. टिप आणि पाय यांच्या फटीत सोल्डरचा इवलासा थेंब सोडला की गरमी तिथून धावते. साधारण एका सेकंदाने सोल्डर वायर टिपेच्या विरुद्ध बाजूने पायाला लावावी. ती तिथं वितळली म्हणजे पाय खरोखर तापला. सोल्डर पॅडभर पसरून पायावर थोडं चढलं की आधी वायर काढायची, मग टिप. सगळं मिळून तीन-चार सेकंद. फुंकर मारायची नाही, बोर्ड हलवायचा नाही. चांगला जोड बाजूंनी आत वळलेला दिसतो. फुगीर गोळा दिसला तर सोल्डर पायाला नुसतं टेकून आहे.

शेजारच्या जाड स्क्रू टर्मिनलला हेच 340 अंश अपुरे वाटतील. तिथं के टिप लावावी, तापमान वाढवू नये. एलईडी बल्बचे ॲल्युमिनियमचे बोर्ड याला अपवाद आहेत, ते गरमी इतकी पसरवतात की खालून हॉट प्लेटने तापवल्याशिवाय गनचं काही चालत नाही. लिथियमच्या सेलवर थेट सोल्डर कधीच मारू नये. सेल आतून बिघडतो आणि पेटूही शकतो. स्पॉट वेल्डिंगची निकेल पट्टी असलेलेच सेल घ्यावेत.

अर्थिंग

दोन पिनच्या गनच्या टिपेवर हीटरमधून विजेची थोडी गळती असते. टेस्टर लावला की दिवा मंद पेटतो. माणसाला ते सहसा जाणवत नाही, पण मॉस्फेट आणि मायक्रोकंट्रोलर यांसारखे बोर्डावरचे नाजूक भाग त्याने मरू शकतात. तीन पिनचं स्टेशन घेतल्यावर मीटर ओहमवर ठेवून प्लगची अर्थ पिन आणि टिप यांमधला रोध बघावा, तो 2 ओहमच्या आत यायला हवा. काही स्वस्त स्टेशनांत आणि हॉट एअर मशीनमध्ये ही वायर आत जोडलेलीच नसते, म्हणून नवं यंत्रही तपासूनच वापरावं.

पिन ठीक असली तरी भिंतीमागे काय आहे ते वेगळंच. जुन्या घरांत सॉकेटचं अर्थचं भोक रिकामं असतं किंवा न्यूट्रलला जोडलेलं असतं. ही जोडणी धोक्याची आहे: न्यूट्रल कुठे तुटला तर यंत्राच्या अंगावर फेज येते. आपल्या काळ्या मातीचा आणखी एक त्रास आहे. उन्हाळ्यात ती आकसते, भेगा पडतात, अर्थिंगच्या पाइपभोवतीची माती सुटते आणि रोध वाढतो. एप्रिल-मेमध्ये अर्थिंगच्या खड्ड्यात नियमित पाणी घालावं आणि वर्षातून एकदा वायरमनकडून अर्थ टेस्टरने मोजून घ्यावं. साध्या मीटरने फेज ते अर्थ 230 दिसले म्हणून अर्थिंग चांगलं ठरत नाही, कारण मीटर त्यातून अगदी नगण्य करंट घेतो. याच कोरड्या हवेत स्थिर वीजही जास्त साठते. मोबाइल किंवा लॅपटॉपचा बोर्ड हाताळताना 1 मेगाओहमचा रेझिस्टर असलेला मनगटी पट्टा अर्थला जोडून घालावा.

धूर आणि हात

सोल्डरिंगच्या तापमानाला शिशाची वाफ होत नाही, डोळ्यांत आणि घशात जातो तो राळेचा धूर. रोज तो घेतल्याने दमा होऊ शकतो. छोटा पंखा धूर आपल्यापासून ओढून नेईल असा ठेवावा. जोडावर वारा आला तर सोल्डर थंड पडतं. शिसं शरीरात जातं ते हातांवरून तोंडात. सोल्डर वायर हाताळलेल्या तळहातावर तंबाखू मळून तोंडात टाकणं हा शिसं पोटात जायचा सगळ्यात सरळ रस्ता आहे. तंबाखू असो, जेवण असो की लेकराला उचलून घेणं असो, आधी साबणाने हात धुवावेत. वायर दातात धरू नये.

गन तापतच नाही तेव्हा

936 प्रकारच्या हँडलची नळी महिन्यातून एकदा थंड असताना उघडावी, टिप काढून आतली काळी पूड झटकून टाकावी. ती साचली की टिप हीटरला चिकटून बसते आणि ओढताना सिरॅमिक तुटतं. वरची चकती हाताने घट्ट होईल तेवढीच आवळावी, पक्कड लावू नये. स्टेशन चालू आहे पण टिप थंड असेल तर प्लग काढून, हँडल निवल्यावर हीटरचा रोध मोजावा. मूळ हॅक्को हीटरचा रोध 2.5 ते 3.5 ओहम आणि सेन्सरचा 43 ते 58 ओहम असतो. नकली हीटरचे आकडे वेगळे येतात, त्यामुळे नवं हँडल आणल्या दिवशीच दोन्ही मोजून डब्याच्या तळाला चिकटपट्टीवर लिहून ठेवावेत. आकडे बरोबर असूनही तापत नसेल तर हँडलच्या तोंडाशी वायर हलवून पुन्हा मोजावं, तिथंच ती सगळ्यात आधी तुटते.